स्टीलला फ्रिक्शन स्टर वेल्डिंग होतं, पण टूल कशाचं लावणार?

सोलापूरजवळच्या चिंचोळी एमआयडीसीत फॅब्रिकेशनचा छोटा कारखाना चालवणाऱ्या एका तरुणाचा प्रश्न आला आहे. थोडक्यात असा: "सर, आम्ही ६ मिमी माइल्ड स्टीलच्या पाण्याच्या टँकरच्या टाक्या आणि उसाच्या ट्रॉल्या करतो. मिगने (तार वितळवून केलेल्या आर्क वेल्डिंगने) लांब जोड मारला की प्लेट ओढते. मग गॅसने तापवायची, घण मारायचे, त्यात अर्धा दिवस जातो. फ्रिक्शन स्टर वेल्डिंगचा व्हिडिओ पाहिला. धूर नाही, तार नाही, गॅस नाही, आणि प्लेट आरशासारखी सपाट. आमच्याकडे एचएमटीचं जुनं व्हर्टिकल मिलिंग नुसतं पडून आहे. त्याला कार्बाइडचं टूल ग्राइंड करून लावलं तर स्टील जोडता येईल का?"

उत्तर आधीच सांगतो, म्हणजे घाईत असलेल्याला पुढचं वाचावं लागणार नाही. स्टील या पद्धतीने जोडता येतं, आणि जोड उत्तम होतो. पण तुमच्या मिलिंगवर, त्या कार्बाइडने, ६ मिमी प्लेट जोडली जाणार नाही. आणि उद्या योग्य मशीन कुणी फुकट आणून दिलं तरी तुमच्या टाकीला ते परवडणार नाही. का, ते आता सविस्तर बघू.

तुम्ही जो व्हिडिओ पाहिलात तो बहुतेक अ‍ॅल्युमिनियमचा असणार. ही पद्धत १९९१ साली इंग्लंडमध्ये केंब्रिजजवळच्या द वेल्डिंग इन्स्टिट्यूटमध्ये वेन थॉमस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शोधली, ती अ‍ॅल्युमिनियमसाठीच. एक टूल असतं. त्याला रुंद खांदा आणि खांद्याच्या मधोमध बोटाएवढी किंवा त्याहून लहान पिन. दोन प्लेटा एकमेकींना घट्ट भिडवायच्या, खाली जाड पट्टी द्यायची, वरून आवळून धरायच्या. फिरतं टूल जोडाच्या रेषेवर दाबत आत घालायचं. घर्षणाने धातू तापतो, वितळत मात्र नाही, मऊ होतो. पिन त्याला पुढून मागे ढकलते, खांदा वरून दाबून धरतो. भाकरीच्या पिठाचे दोन गोळे शेजारी ठेवून तळव्याखाली मळले की मधली रेघ नाहीशी होते, तसंच इथे होतं. फक्त मळणारा तळवा त्या पिठापेक्षा टणक असायला हवा आणि त्या उष्णतेत टणकच राहायला हवा. अ‍ॅल्युमिनियमच्या बाबतीत हे सोपं आहे. स्टीलच्या बाबतीत सगळी गाडी इथेच अडते.

अ‍ॅल्युमिनियम ६६० अंश सेल्सिअसला वितळतं, आणि त्याचं स्टर वेल्डिंग साधारण ४०० ते ५०० अंशांत उरकतं. एवढ्या तापमानाला एच-१३ हे डायचं स्टील निवांत टिकतं. आपल्याकडे डाय कास्टिंगवाले तेच वापरतात. असं एक टूल शेकडो मीटर जोड सहज काढतं. आता माइल्ड स्टील घ्या. ते वितळतं १,५०० अंशांच्या आसपास, आणि ढवळण्याइतकं मऊ व्हायला त्याला १,००० ते १,२०० अंश लागतात. एच-१३ ची ताकद ६०० अंशांच्या पुढे ढासळायला लागते. म्हणजे प्लेट मऊ व्हायच्या आत टूलच मऊ होतं. पिनचं टोक फुगून छत्रीसारखं पसरतं आणि खांदा प्लेटला चिकटतो. स्टीलने स्टील ढवळायला गेलं की दोघांपैकी आधी कोण हार मानतं, एवढंच ठरायचं बाकी राहतं.

मग कार्बाइड? तुमची कल्पना अगदीच वावगी नाही. जपानमध्ये ओसाका विद्यापीठातल्या मंडळींनी टंगस्टन कार्बाइडच्या टूलनेच कार्बन स्टीलचे जोड काढले आहेत. पण पत्रा दीड-पावणेदोन मिमीचा, मशीन त्या कामासाठीच बांधलेलं आणि आरगॉनचं संरक्षण. कार्बाइड म्हणजे कोबाल्टमध्ये बांधलेले कण. लाल तापलं की कोबाल्ट ढिला पडतो आणि उघड्या हवेत कार्बाइडचा पृष्ठभाग जळतो. शिवाय कार्बाइडला दाब सोसतो, वाकणं सोसत नाही. ६ मिमी प्लेटमध्ये जवळपास सहा मिमी लांबीची पिन खुपसून तुम्ही तिला आडवं ओढणार, म्हणजे तिच्या मुळाशी नेमका तोच ताण येणार. टर्निंगमध्ये कार्बाइडची टिप खटकन तुटते तेव्हा आपण नवी कडा लावून पुढे जातो. इथे तुटलेली पिन जोडाच्या आत गाडली जाते, आणि मग त्या जागी प्लेट कापण्याशिवाय इलाज नसतो.

जाड स्टीलसाठी जगात खऱ्या अर्थाने चालणारी टूल दोन घराण्यांची आहेत. पहिलं टंगस्टन आणि रेनियमच्या मिश्रधातूचं. टंगस्टन ३,४२२ अंशांना वितळतं, त्यामुळे उष्णतेची भीती नाही, पण शुद्ध टंगस्टन गार असताना काचेसारखं ठिसूळ. त्यात पंचवीस टक्क्यांच्या आसपास रेनियम घातलं की चिवटपणा येतो. हे टूल सहसा तुटत नाही, मात्र हळूहळू झिजतं आणि आकार बदलतं. रेनियम पृथ्वीवरच्या अतिदुर्मीळ धातूंपैकी, ते प्रामुख्याने जेट इंजिनांच्या पात्यांत जातं, तेव्हा भावाचा अंदाज तुम्हीच करा. दुसरं घराणं पॉलिक्रिस्टलाइन क्युबिक बोरॉन नायट्राइडचं, म्हणजे पीसीबीएन. कठीण केलेलं स्टील टर्निंग करायला ज्या सीबीएन टिपा वापरतात त्यांचंच हे मोठं भावंड. हिऱ्याखालोखाल कठीण. हिरा मात्र इथे चालत नाही, कारण तापलेल्या लोखंडात त्याचा कार्बन विरघळून जातो. पीसीबीएन लोखंडाशी फारशी सलगी करत नाही, म्हणून जोडाचा पृष्ठभागही गुळगुळीत येतो. अडचण अशी की ते बनतं पन्नास हजार वातावरणांच्या आसपासच्या दाबाखाली, त्यामुळे मोठा ठोकळा मिळत नाही आणि पिनच्या लांबीला मर्यादा येते. दुसरं म्हणजे ते झिजून मरत नाही, तडा जाऊन मरतं. चांगलं चाललेलं टूल पुढच्याच जोडाच्या सुरुवातीला दोन तुकडे होऊन हातात येतं. हल्ली दोघांचं मिश्रणही करतात. टंगस्टन-रेनियमच्या गाभ्यात बोरॉन नायट्राइडचे कण, म्हणजे थोडा चिवटपणा आणि थोडी कठीणता.

टूल सहसा मरतं कुठे? मधल्या सरळ रेषेवर क्वचितच. घात होतो तो आत शिरताना. प्लेट गार असते, पिनचं टोक एकटं सगळा भार घेतं, खांदा अजून टेकलेला नसतो. म्हणून जाणकार लोक सुरुवातीच्या जागी आधी ड्रिलने पिनपेक्षा थोडं लहान भोक पाडतात, किंवा इंडक्शनने ती जागा तापवून घेतात. टूल मिनिटाला काही मिमी एवढ्याच सावकाश गतीने आत सोडतात, खांदा टेकल्यावर काही सेकंद जागीच फिरू देतात, खालचा भाग नारिंगी झाला की मग पुढे सरकतात. खांद्याच्या मागे प्लेटवर नारिंगी शेपटी दिसायला लागली म्हणजे गाडी रुळावर आली. शेपटी गडद लाल झाली की समजायचं, उष्णता कमी पडते आहे, सरकण्याचा वेग कमी करा, नाहीतर पिन जाणार.

आता या क्षणी लाइट गेली तर? सोलापुरात हा प्रश्न काल्पनिक नाही. अ‍ॅल्युमिनियममध्ये स्पिंडल थांबला तर टूल अडकतं, पण पुन्हा तापवून निघतं. स्टीलमध्ये प्लेट गार होताना पिनला चारी बाजूंनी आवळते आणि पीसीबीएनला ते आवळणं सोसत नाही. लाखाच्या घरातली वस्तू एका झटक्यात गेली. अशा मशीनला बॅकअप द्यायचा तर निदान टूल वर काढता येईल एवढा वेळ स्पिंडल आणि झेड अक्ष दोन्ही चालू ठेवावे लागतात. शिवाय टूल होल्डरला पाण्याने किंवा कूलंटने आतून थंड करावं लागतं, नाहीतर उष्णता वर चढून स्पिंडलच्या बेअरिंगचं ग्रीस पातळ करते. मे महिन्यात शेडमध्येच बेचाळीस अंश असताना चिलर कसा हाशहुश करतो ते तुम्हाला माहीत आहे, आणि त्यात बोअरचं जड पाणी फिरवलंत तर नळ्यांत क्षार धरणार. हा खर्च कुठल्याच व्हिडिओत दिसत नाही.

तुमच्या मिलिंगकडे येतो. इथे एक गंमत आहे. ताकदीचा हिशेब केला तर मोटर पुरते. समजा ६ मिमी स्टीलला टॉर्क १०० न्यूटन-मीटर आणि वेग ३०० आरपीएम. ताकद निघते ३ किलोवॅटच्या जरा वर. म्हणजे पाच एचपीची मोटर बास झाली. लोक इथेच फसतात. अडचण फिरवण्याची नाही, दाबण्याची आहे. ६ मिमी स्टीलमध्ये खांदा प्लेटवर दाबून ठेवायला साधारण तीन ते पाच टन उभा भार लागतो, आणि तो जोड संपेपर्यंत सतत. मिलिंगचा स्पिंडल आडव्या भाराच्या हिशेबाने बांधलेला असतो. एवढा उभा भार त्याची बेअरिंग फार दिवस सोसणार नाहीत. त्यात नी (टेबल धरणारा भाग) वर उचलणारा स्क्रू, गिब (सरकत्या भागांमधली पट्टी), टेबलाचे नट, सगळीकडे थोडी थोडी ढिलाई. तीन टनांखाली हे सगळं मिळून मिलिमीटरचा काही भाग वर-खाली होतं. खांदा प्लेटमध्ये किती रुतायचा याची मुभा असते मिलिमीटरच्या दोन-तीन दशांशांएवढी. मशीन तेवढं दबलं की खांदा सुटतो आणि जोडाच्या आत बोगदा राहतो. वरून रांगोळीसारखी सुरेख गोल गोल रेघ दिसते, आत पोकळी. व्हीएमसी (संगणकावर चालणारं उभं मशीनिंग सेंटर) लावली तर? तिचं स्पिंडल याहून नाजूक आणि दुरुस्ती याहून महाग. व्हीएमसीवर स्टील स्टर करून बघतो म्हणणाऱ्याला मी आधी स्पिंडल बदलण्याचं कोटेशन मागवायला सांगतो.

"उष्णता कमी, म्हणून वाकणं कमी" हे वाक्य प्रत्येक ब्रोशरमध्ये असतं. ते स्टीलला जसंच्या तसं लागू होत नाही. वरच्याच उदाहरणात ३.१ किलोवॅट आणि सरकण्याचा वेग मिनिटाला १२० मिमी, म्हणजे सेकंदाला २ मिमी. दर मिलिमीटरला दीड किलोज्यूलच्या वर उष्णता गेली. तुमची मिग २२० अँपिअर, २५ व्होल्टवर साडेपाच किलोवॅट देते, आणि टॉर्च सेकंदाला ६ मिमी सरकते, म्हणजे एका पासला (शिवणीवरच्या एका फेरीला) मिलिमीटरमागे ०.९ किलोज्यूल. दोन पास धरले तर १.८. दोन्हीकडे थोडी उष्णता इतरत्र वाया जाते, पण आकडे एकाच घरातले आहेत. सावकाश चालवलेलं स्टर वेल्डिंग काही गार काम नव्हे. वेग वाढवला की मात्र आकडा झपाट्याने खाली येतो. ग्लासगोच्या स्ट्रॅथक्लाइड विद्यापीठाच्या पुढाकाराने युरोपात हिल्डा नावाचा प्रकल्प झाला. त्यात जहाजाच्या डीएच-३६ या स्टीलच्या ६ मिमी प्लेटा मिनिटाला १०० मिमीपासून ५०० मिमीपर्यंतच्या वेगाने जोडून पाहिल्या. चांगल्या जोडाचे नमुने ओढून तोडले तर ते मूळ प्लेटमध्ये तुटतात, जोडात नाही. जहाज बांधणाऱ्यांना यात रस का, ते उघड आहे. डेकच्या पातळ प्लेटा वेल्डिंगनंतर लाटांसारख्या होतात आणि त्या सपाट करण्यात मनुष्यबळ खर्ची पडतं. तुमचंच दुखणं, फक्त शंभर पट मोठं.

मग वाकणं कमी कशामुळे होतं? व्ही खाचेत वर जास्त आणि खाली कमी वितळलेला धातू भरला जातो, तो आकसताना वरून जास्त आकसतो आणि प्लेट पुस्तकासारखी मिटायला बघते. स्टर वेल्डिंगमध्ये खाच नाही, भराव नाही, वितळणं नाही, आणि जाडीभर आकसणं बरंच सारखं होतं. भरीला प्लेटा टनावारी जोराने आवळलेल्या असतात आणि गार होईपर्यंत सोडत नाहीत. खरं सांगायचं तर यातला आवळण्याचा भाग तुम्ही मिगलाही देऊ शकता. त्याकडे पुढे येतोच.

धातूच्या अंगाने बघितलं तर स्टीलचं स्टर वेल्डिंग अ‍ॅल्युमिनियमपेक्षा गुंतागुंतीचं आहे, आणि माझ्या मते जास्त रंजकही. ढवळलेला भाग हजार अंशांच्या वर जातो, ऑस्टेनाइट (तापलेल्या स्टीलची वेगळी स्फटिकरचना) होतो, मग गार होताना पुन्हा बदलतो. आयएस २०६२ (साध्या स्ट्रक्चरल स्टीलचं भारतीय मानक) सारख्या कमी कार्बनच्या स्टीलमध्ये सहसा बारीक दाण्याचं फेराइट आणि थोडं बेनाइट मिळतं, ताकद मूळ प्लेटपेक्षा किंचित वरच. कार्बन वाढला की मार्टेन्साइट (फार कठीण पण ठिसूळ रचना) होऊन जोड ठिसूळ होण्याचा धोका. पण ओसाकाच्याच फुजी यांच्या गटाने दाखवलं की आरपीएम पुरेसा खाली ठेवला तर ७२३ अंशांच्या खालीच ढवळून जोड काढता येतो. तापमान रूपांतराच्या रेषेपर्यंत पोचलंच नाही, तर मार्टेन्साइट होणार कुठून? ज्या स्टीलला आर्क वेल्डिंग म्हटलं की आपण प्रीहीट, पोस्टहीट आणि देवाचं नाव घेतो, त्याला हा सरळ रस्ता आहे. मला विचाराल तर स्टीलमध्ये या पद्धतीचं खरं भवितव्य इथे आहे, माइल्ड स्टीलच्या टाकीत नाही.

तुमच्यापैकी काहींची डिस्टिलरीची आणि साखर कारखान्यांची ३०४ स्टेनलेसची कामं चालू असतात म्हणून एवढं सांगतो. ३०४ स्टेनलेसचं स्टर वेल्डिंग होतं, पण ढवळलेल्या भागात सिग्मा फेज (एक ठिसूळ रचना) सापडल्याचे अभ्यास आहेत, आणि पीसीबीएन टूलमधला बोरॉन क्रोमियमशी संयोग पावून बोराइड होतात. त्या जागी क्रोमियम कमी पडलं की गंज तिथूनच सुरू. अशा कामाला नेहमीची टिग (टंगस्टनच्या इलेक्ट्रोडने आरगॉनखाली केलेलं आर्क वेल्डिंग) ठेवा. आत पर्जिंग (आरगॉन सोडून हवा बाहेर काढणं) नीट करा म्हणजे झालं.

जोड चांगला आला की नाही हे डोळ्यांनी कळत नाही, आणि एक्स-रेलाही नेहमी कळत नाही. पिन थोडी आखूड पडली तर मुळाशी दोन्ही प्लेटा एकमेकींना नुसत्या चिकटून असतात, जुळलेल्या नसतात. फट नसल्यामुळे फिल्मवर काही दिसत नाही. ती पकडायची रीत जुनीच आहे. जोडाच्या आडवी पट्टी कापा, कडा घासून पॉलिश करा, दोन टक्के नायटल (अल्कोहोलमधलं नायट्रिक आम्ल) कापसाने फिरवा. काही सेकंदांत ढवळलेला भाग वाटीच्या आकारात उमटतो. वाटीचं बूड प्लेटच्या खालच्या कडेपर्यंत पोचलं आहे का ते बघा. न पोचल्यास तिथून एक केसासारखी काळी रेघ खाली जाताना दिसेल. मग दुसरी पट्टी मूळ बाहेरच्या बाजूला ठेवून वाकवा. चिकटलेला जोड तिथेच तोंड उघडतो. आणखी एक गोष्ट, आयएसओ २५२३९ हे स्टर वेल्डिंगचं मानक अ‍ॅल्युमिनियमसाठी लिहिलेलं आहे. म्हणजे उद्या स्टीलची टाकी अशी जोडून गिऱ्हाइकाच्या इन्स्पेक्टरसमोर ठेवलीत, तर तो कशाशी ताडून बघणार, हा प्रश्नही तुमच्याच गळ्यात.

पैशाचं गणित अगदी ढोबळ मांडतो, आकडे समजुतीसाठी आहेत. समजा टूल तीन लाखांचं पडलं आणि ६ मिमी स्टीलमध्ये ४० मीटर चाललं, मध्ये लाइट गेली नाही, कुणाचा हात चुकला नाही. मीटरला साडेसात हजार रुपये नुसते टूलचे. आता मिग. साठ अंशांची व्ही, दोन मिमी रूट गॅप (तळाची फट), ६ मिमी प्लेट: भराव निघतो मीटरला पाव किलो तारेच्या आसपास. त्यात गॅस, वेल्डरची मजुरी, ग्राइंडिंग आणि वर तुमचा तो घण मारण्याचा अर्धा दिवस धरा. तरी साडेसात हजारांच्या जवळपास पोचत नाही. टूल दहापट टिकायला लागलं तर गणित बदलेल, आणि त्यावर जगभर काम चालू आहे. आपल्याकडे बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतही स्टर वेल्डिंगवर बरंच संशोधन झालं आहे. पण तुम्हाला टाक्या या सीझनला द्यायच्या आहेत.

शिवाय तुमच्या जॉबचा आकार. स्टर वेल्डिंगला आवडतो सरळ, लांब, सपाट बट जोड (कडेला कड भिडवलेला), खाली आधार देता येईल असा. फट प्लेटच्या जाडीच्या दहा टक्क्यांच्या आत, म्हणजे ६ मिमीला अर्ध्या मिलिमीटरच्या जरा वर. गॅस कटिंगची कडा तशीच भिडवून चालत नाही, मशीनिंग हवं, मिल स्केल (प्लेटवरची काळी पापडी) काढलेली हवी. ट्रॉलीत बघा काय आहे: चॅनेलवर पत्रा, कोपऱ्यात फिलेट (काटकोनाच्या खाचेत भरलेला वेल्ड), मध्ये स्टिफनर (आधाराच्या पट्ट्या), त्यात वळणं. टाकीची उभी शिवण कदाचित जमेल, पण डिश एंडची (टाकीच्या टोकाच्या फुगीर झाकणाची) गोल शिवण मारताना आतून तीन टनांचा आधार देणार कसा? आणि जोड संपतो तिथे पिन बाहेर आल्यावर भोक उरतं ते वेगळंच. ते जादा तुकड्यावर नेऊन सोडावं लागतं. साखर कारखान्यात ऑफ सीझनला जागेवर जाऊन दुरुस्ती करण्याचा तर विषयच नको.

मग स्टीलसोबत हे कुठे शोभतं? मोटारींत एक चांगलं उदाहरण आहे. होंडाने २०१३ च्या अकॉर्डच्या पुढच्या सबफ्रेममध्ये स्टील आणि अ‍ॅल्युमिनियम एकमेकांना स्टर वेल्डिंगने जोडले, आणि वजन जुन्या स्टीलच्या सबफ्रेमपेक्षा पंचवीस टक्क्यांनी उतरलं. आर्कने हे दोन धातू वितळवून एकत्र केले तर मध्ये काचेसारखा ठिसूळ थर होतो. इथे पिन जवळजवळ सगळी अ‍ॅल्युमिनियममध्ये फिरते, स्टीलला जेमतेम खरवडते, त्यामुळे तो थर अगदी पातळ राहतो आणि टूलवरही स्टीलचा मार पडत नाही. टूलचं दुखणं सोडवण्यापेक्षा टाळलं, ही त्यातली हुशारी.

आणि तुम्ही कदाचित ज्याचा विचारच केला नाही ती गोष्ट: साधं रोटरी फ्रिक्शन वेल्डिंग. दोन गोल जॉब, एक फिरतो, एक स्थिर, तोंडाला तोंड घासायचं, तापलं की थांबवून दाबायचं. यात टूल झिजायचा प्रश्नच येत नाही, कारण जॉबच जॉबवर घासतो. स्टीलला हे कित्येक दशकं चालू आहे. इंजिनचे व्हॉल्व्ह, ड्रिल पाइपची टोकं, हायड्रॉलिक सिलिंडरच्या रॉडला डोळा जोडणं. तुम्ही टिपिंग ट्रॉलीचे जॅक बाहेरून घेता, त्यातल्या रॉडचा डोळा जोडलेला कसा आहे ते एकदा निरखून बघा. तिथे बाहेर वळलेली कॉलर किंवा ती टर्निंग करून काढल्याची खूण सापडली तर तो फ्रिक्शनचा जोड. शाफ्ट, पिन, अ‍ॅक्सलची कामं वाढवायची असतील तर पैसा तिथे घाला.

आता तुमचं मूळ दुखणं, प्लेट ओढण्याचं. तुमच्या शेडमध्ये मी आलो नाही, पण असल्या शेडांत जे दिसतं त्यावरून बोलतो. सगळ्यात मोठा दोष म्हणजे गरजेपेक्षा जाड वेल्ड. ड्रॉइंगवर ६ मिमीचा फिलेट असतो, मिस्त्री "मजबूत असू द्या" म्हणून ८ मिमीचा भरतो. भराव लेगच्या (फिलेटच्या बाजूच्या मापाच्या) वर्गाच्या हिशेबाने वाढतो, छत्तीसचे चौसष्ट, म्हणजे पावणेदोन पटीहून जास्त धातू आणि जवळपास तेवढीच जास्त ओढ. फिलेट गेज विकत घ्या, स्वस्त मिळतो, आणि मिस्त्रीच्या खिशात द्या. दुसरं, बट जोडाची फट. तीन-चार मिमी फट भरत बसण्यापेक्षा कडा सरळ कापून घ्या. प्लाझ्मा किंवा सीएनसी कटिंग आता आपल्याकडेही सहज करून मिळतं. तिसरं, क्रम. एका टोकाकडून सुरू करून दुसऱ्या टोकापर्यंत सरळ जाऊ नका. मधून सुरू करा, हातभर टप्पे उलट दिशेने मारत जा. स्टिफनर असतील तिथे दोन्ही बाजूंनी आलटून पालटून. आणि टाके मारल्यावर प्लेट जाड पट्ट्यांनी, पाचरींनी आवळून ठेवा. हात लावता येईल इतकी गार होईपर्यंत सोडायची नाही. आवळण्याचं पुढे येईन म्हणालो होतो, ते हे. लांब सरळ शिवणी रोजच्या असतील तर तांब्याच्या बॅकिंगवर सबमर्ज्ड आर्कचा ट्रॅक्टर (पावडरीखाली तार वितळवत शिवणीवर आपोआप सरकणारी गाडी) बसवा, एका पासात ६ मिमी होतं. जुनं, कंटाळवाणं, आणि हप्ते फेडणारं यंत्र आहे.

एवढं होऊनही स्टर वेल्डिंगची खाज राहिलीच, आणि ती राहावी असं मलाही वाटतं, तर ते मिलिंग अ‍ॅल्युमिनियमला लावा. बॅटरीचे ट्रे, कूलिंग प्लेट, हीट सिंक, अशी कामं इलेक्ट्रिक वाहनांमुळे वाढताहेत, आणि पुण्याकडे जाणारी असली छोटी कामं सोलापुरात करायला काहीच हरकत नाही. ३ मिमी पट्टीपासून सुरू करा. भार टनाच्या आतबाहेर राहतो, जपून केलं तर मशीन सोसतं. टूल एच-१३ चं, पन्नास एचआरसीच्या (कठीणतेच्या मापाच्या) आसपास कडक केलेलं. खांदा १२ मिमी, पिन ४ मिमी व्यासाची आणि २.८ मिमी लांब. स्पिंडल वरून बघताना घड्याळाच्या दिशेने फिरत असेल तर पिनवर डावे आटे पाडा, म्हणजे धातू खाली दाबला जाईल. उजवे पाडलेत तर तो वर ओढला जाऊन पृष्ठभागावर चर पडेल. हेड दोन अंश कलवा, खांद्याची मागची कड खाली राहील असं. हजार आरपीएम, मिनिटाला ६० ते ८० मिमी. पट्ट्या क्लॅम्पने अशा आवळा की पिन मधून जाताना त्या बाजूला फाकणार नाहीत. पहिल्या जोडांत निम्मा घोळ तिथेच होतो. आणि ६०६१-टी६ घेतलंत तर जोडाशेजारची ताकद मूळ पट्टीच्या सत्तर टक्क्यांच्या आसपास उतरेल. तो तुमचा दोष नाही, उष्णतेने टेम्पर (आधी उष्णता-प्रक्रियेने आणलेला कडकपणा) जातो. गिऱ्हाइकाला हे आधीच सांगून ठेवा.

सुरू करण्याआधी स्पिंडलच्या नाकावर डायल लावून रनआउट (फिरताना किती डोलतो ते) बघा, आणि क्विल (स्पिंडल धरणारी नळी) खालून तरफेने उचलून डायल किती हलतो तेही बघा. पाच शतांश मिमीच्या वर हलत असेल तर आधी बेअरिंग बदला, टूल नंतर बनवा.